परसातली वेगळी फळझाडे
(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्षावासाच्या व्याख्यानमालेत शील, समाधी, प्रज्ञा असे विषय असतात. त्यात फळझाडे कुठून आली, असा प्रश्न समोरच्या काही चेहऱ्यांवर मला दिसतो आहे. उत्तर असे की आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा हे जे तीन महिने आपण विहारात ग्रंथवाचन करतो, तेच आपल्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात झाड लावण्याचे महिने आहेत. आणि दुसरे म्हणजे फळांचा विषय मी बाहेरून आणलेला नाही, तो विनयपिटकातच आहे.

महावग्गात केणिय नावाच्या जटिलाची कथा येते. भगवान बुद्ध आपण नावाच्या गावी आले असता हा केणिय भरपूर सरबते तयार करून भेटीला गेला. दुपारनंतर काही घ्यावे की नाही, म्हणून भिक्खू संकोचले. तेव्हा भगवंतांनी आठ पेयांना परवानगी दिली. ती आठ अशी: आंब्याचे, जांभळाचे, चोच, मोच, मधाचे, द्राक्षाचे, कमळकंदाचे आणि फारुसकाचे. चोच आणि मोच यांचा अर्थ अट्ठकथेत दिला आहे, एक बिया असलेले केळे आणि दुसरे बिनबियांचे. बियांचे केळे म्हटल्यावर मुले हसतात. पण माथेरानच्या कड्यावर पावसाळ्यात उगवणाऱ्या रानकेळीचे फळ फोडून पाहा, आत हरभऱ्याहून मोठ्या काळ्या बिया निघतील.

आता शेवटचे नाव, फारुसक. हे फळ म्हणजे आपला फालसा. या सभागृहात किती जणांनी फालसा खाल्ला आहे? हात वर करा. सात-आठ. त्यातले बहुतेक पन्नाशीच्या पुढचे. अडीच हजार वर्षांपूर्वी जे फळ खुद्द विनयात नोंदले गेले, ते आपल्या मुलांनी पाहिलेले नाही. असे का झाले? फळ वाईट होते म्हणून नव्हे. फालसा वाटाण्याएवढा, जांभळट, आंबटगोड. झाडावर तो एकदम पिकत नाही, रोज थोडा थोडा पिकतो. तोडल्यावर एक-दोन दिवसांत खराब होतो. पेटीत भरून ट्रकने वाशीला नेता येत नाही. बाजार फळाची चव पाहात नाही, ते किती धक्के खाईल हे पाहतो. म्हणून सफरचंद काश्मीरहून कॅम्प नंबर चारच्या हातगाडीवर येते आणि फालसा शेजारच्या गावातूनही येत नाही.

माझे आजचे सांगणे यातूनच निघते. तुमच्या दारात, परसात, गॅलरीत एका झाडापुरती जागा असेल, तर ती पेरू-चिकूला देऊ नका. ते बाजारात मिळतात, विकत घ्या. जे विकत मिळत नाही ते लावा.

फालशापासूनच सुरुवात करू. हे झाड नाही, झुडूप आहे. रानातली धामण ज्यांना माहीत आहे, त्यांना पान पाहून लगेच ओळख पटेल, दोन्ही एकाच कुळातली. ताज्या बीपासून रोप होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ देते. निचऱ्याची जमीन आणि ऊन एवढी त्याची मागणी. मात्र एक गोष्ट कटाक्षाने करावी लागते, ती छाटणी. फालशाला फळ येते ते नव्या फुटीवर. डिसेंबर-जानेवारीत झुडूप कमरेच्या उंचीवर सरसकट छाटायचे. हात थरथरतो, पण छाटायचे. फेब्रुवारी-मार्चमध्ये नव्या फांद्यांवर पिवळी फुले आणि एप्रिल-मेमध्ये फळ. न छाटलेले झुडूप दहा फूट वाढते आणि वर बुलबुलांची पंगत बसते. फळे हाताने कुस्करून, पाण्यात कालवून, गाळून, साखर-मीठ घातले की सरबत तयार. आपल्या सिंधी शेजाऱ्यांना या सरबताचे वेगळे कौतुक सांगावे लागणार नाही. सिंध हा फालशाचा मुलूख. फाळणीनंतर कल्याण कॅम्पाच्या लष्करी बराकींत जे लोक येऊन राहिले, त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

आठ पेयांत दुसरे नाव जांभळाचे आहे, आणि जांभूळ म्हटले की बदलापूरकरांनी मान ताठ करावी. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मे संपता संपता ठाकूर-कातकरी समाजाच्या बाया टोपल्या घेऊन स्टेशनजवळ बसतात, पानात बांधून जांभळे देतात. त्या जांभळाची झाडे कुणी बागाईत म्हणून लावलेली नाहीत. ती बांधावर, ओढ्याकाठी, गावठाणाच्या कडेला आपोआप वाढली आणि पिढ्यानपिढ्या राखली गेली. आता तिथे इमारती येत आहेत. मानांकनाचा कागद हाती आला तेव्हा झाडे मात्र तुटू लागलेली, अशी ही अवस्था आहे.

जांभूळ घराजवळ लावा असे मी म्हणणार नाही. पन्नास-साठ फूट वाढणारे झाड, लाकूड ठिसूळ. पत्र्याच्या घरावर फांदी पडली तर फळ महागात पडेल. त्याची जागा विहाराच्या मोकळ्या पटांगणात, शाळेच्या कुंपणाशी. पाणी तुंबणाऱ्या जमिनीतही ते तग धरते, आणि हे आपल्याकडे फार महत्त्वाचे आहे. 26 जुलै 2005 आणि 27 जुलै 2019 या दोन्ही दिवशी उल्हास नदीचे पाणी बदलापुरात शिरले. ज्यांच्या दारात पपई होती त्यांनी पाहिले असेल, एक-दोन दिवस मुळाशी पाणी राहिले की पपई मान टाकते. सखल भागात राहणाऱ्यांनी पपईच्या नादी लागू नये.

बी लावायचे तर फळ खाल्ल्याबरोबर लावायचे. दोन आठवडे कागदाच्या पुडीत ठेवले तर जांभळाचे बी उगवेलच असे नाही. एका बीतून कधी दोन-तीन कोंब येतात, त्याने गोंधळू नका. बियांच्या झाडाला आठ-दहा वर्षे लागतात, कलमाला त्याहून कमी. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बहाडोली’ ही जात दिली आहे, ती चांगली आहे. पण माझा आग्रह वेगळा आहे. ज्या जांभळाची चव तुमच्या आजीला ठाऊक होती, ते झाड अजून उभे असेल, तर कलम बांधणारा माळी घेऊन जा आणि त्याची काडी आणा. झाड पडल्यावर काडी मिळत नाही. आणि झाड तोडायला कुणी आले, तर नगरपालिकेची परवानगी दाखवा म्हणावे. 1975 च्या महाराष्ट्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाप्रमाणे नागरी हद्दीत परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. आपल्या विद्यार्थ्यांनी हा कायदा वाचावा. संविधान पाठ करणाऱ्यांना तो जड जाणार नाही.

विहाराच्या जागेचा विषय निघालाच आहे तर थोडे स्पष्ट बोलतो. आपण विहार बांधला की पहिला बोधिवृक्ष लावतो, आणि तोही हमखास भिंतीला लागून. पिंपळाची मुळे भिंत ठेवत नाहीत. त्याला तीस-चाळीस फूट मोकळी जागा द्या, आणि उरलेल्या जागेत फळझाडे लावा. बाबासाहेबांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, 1950 साली महाविद्यालय उभारले, तेव्हा त्या परिसराला नाव दिले ते नागसेनवन. सम्राट अशोकाचा दुसरा शिलालेख तर सरळ याच विषयावर आहे. माणसांना व जनावरांना उपयोगी औषधी, मुळे आणि फळे जिथे नाहीत, तिथे ती दुसरीकडून आणून लावली, असे राजा त्यात सांगतो. हा लेख गिरनारच्या खडकावर आहे. आपल्या जवळच्या सोपाऱ्याला अशोकाच्या लेखांचे तुकडे सापडले, 1882 साली आठव्या लेखाचा आणि 1956 साली नवव्याचा. म्हणजे या मुलखातही ते लेख कोरलेले होते. ‘आपल्याकडे नाही ते आणून लावणे’ ही बावीसशे वर्षांची जुनी गोष्ट आहे, छांदिष्ट लोकांचे खूळ नव्हे.

अंगण अरुंद असेल तर कोकम लावा. सावली सोसते, उभे वाढते, दोन घरांमधल्या बोळातही जगते. मात्र कोकमाची एक अडचण सांगितलीच पाहिजे. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. बियांपासून केलेल्या रोपांतली जवळपास निम्मी नर निघतात आणि ते सात-आठ वर्षांनी फुले आल्यावर कळते. एवढी वर्षे पाणी घालून शेवटी हाती काही नाही. म्हणून मादी झाडाचे कलमच घ्यावे. दापोलीची 1997 साली आलेली ‘कोकण अमृता’ ही जात त्यासाठी मागावी. करवंदाला असली भानगड नाही. कुंपणाला तारेऐवजी करवंदीची रांग लावा, दोन-तीन फुटांवर एक. तिसऱ्या वर्षापासून फळ आणि काट्यांमुळे गुरेही आत येत नाहीत. मलंगगडाच्या उतारावरून मे महिन्यात करवंदे आली की त्यातलीच ताजी बी टाकावी, पैसा खर्चायचे कारण नाही.

आता ज्यांच्याकडे फक्त खिडकीची जाळी आहे, त्यांचे काय? त्यांनी पॅशन फ्रूटची वेल लावावी. कृष्णकमळाच्या जातीची ही वेल, फूलही तसेच सुंदर. जांभळ्या फळाची जात थंड डोंगराळ भागातली. आपल्या उकाड्यात पिवळ्या फळाची चालते. पण पिवळ्या वेलीचा स्वभाव असा की स्वतःच्या फुलाचा पराग तिला चालत नाही. दुसऱ्या वेलीचा लागतो, आणि ती दुसरी वेल पहिलीच्याच काडीपासून केलेली असून उपयोग नाही, वेगळ्या बीची हवी. म्हणून एकाने एक रोप लावावे, समोरच्या खोलीतल्या बिऱ्हाडाने दुसरे. फूल दुपारी उमलते. मोठे काळे भुंगे येतात, त्यांना हाकलू नका, तेच हे काम करतात. ते येत नसतील तर शाळेतून आलेल्या मुलांच्या हाती रंगाचा ब्रश द्या. या फुलाचा पराग त्या फुलाला लावायचा, संध्याकाळी फूल मिटायच्या आत. दीड वर्षात फळ येते. विज्ञानाच्या पुस्तकातला परागीभवनाचा धडा यापेक्षा चांगला कुणी शिकवणार नाही.

ड्रॅगन फ्रूटविषयी मला सतत विचारतात. हे मध्य अमेरिकेतले निवडुंग. 2021 साली गुजरात सरकारने त्याला ‘कमलम’ नाव दिले; नाव बदलून चव बदलत नाही, ती बेताचीच आहे. खांब लागतो, फूल रात्री उमलते, आणि आपल्या मुसळधार पावसात बुंधा कुजतो. हौस असेल तर डब्यात खडी-वाळू जास्त घालून, पावसापासून आडोशाला लावा. माझे मन काही त्यात रमत नाही.

यापुढचे जरा गंभीरपणे ऐकावे.

मामफळ नावाचे एक झाड आहे. कुणी त्याला लक्ष्मणफळ म्हणतो, कुणी हनुमानफळ. सीताफळाच्या कुळातले, बाहेरून हिरवे, मऊ काट्यांचे. कोकणच्या दमट हवेत छान वाढते, फळ आंबटगोड, सरबताला उत्तम. लावायला हरकत नाही. पण गेली काही वर्षे फोनवर मजकूर फिरतो आहे की याच्या पानांचा काढा घेतला की कॅन्सर बरा होतो, केमोपेक्षा हजारपट गुणकारी. लोक पाने मागायला येतात, पाने विकलीही जातात. बंधू-भगिनींनो, माणसांचा कॅन्सर या पानांनी बरा होतो याला कोणताही पुरावा नाही. प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशी मेल्या, एवढ्यावरून माणूस बरा होत नाही. उलट कॅरिबियन समुद्रातील ग्वादलूप बेटावर हे फळ आणि त्याच्या पानांचा चहा नेहमी घेणाऱ्या लोकांत कंपवातासारखा, नेहमीच्या औषधांना दाद न देणारा आजार जास्त आढळला, आणि ते 1999 साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कधीमधी फळ खाल्ल्याने काही होत नाही. बिया विषारी, त्या टाकाव्यात. पण आपल्या वस्तीतल्या एखाद्या बाईने टाटाची तारीख चुकवून पानांचा काढा घेत बसावे, हे आपण पाहात राहता कामा नये. केसपुत्तच्या कालामांना भगवंतांनी काय सांगितले ते याच विहारात आपण दरवर्षी वाचतो. ते फोनवरच्या मजकुरालाही लागू आहे.

दुसरी सूचना कमरखाबद्दल. कुणी त्याला करमळ म्हणते, इंग्रजीत स्टारफ्रूट. कापल्यावर चांदणीसारखी फोड पडते, मुलांना आवडते. त्याचीच बहीण बिलिंबी, जिला खोडालाच फळांचे घोस लागतात. आमटीत आंबटपणाला ती फार छान. निरोगी माणसाने ही फळे जेवणात खावीत. पण ज्यांचे मूत्रपिंड कमजोर आहे, ज्यांचे डायलिसिस चालू आहे, त्यांनी कमरखाची एक फोडसुद्धा तोंडात टाकू नये. भ्रम, झटके आणि मृत्यूपर्यंत प्रकार गेलेले आहेत. केरळात कोलेस्टेरॉल उतरावे म्हणून बिलिंबीचा रस पेला-पेला पिणाऱ्यांची मूत्रपिंडे निकामी झाल्याच्याही नोंदी आहेत. घरात असा रुग्ण असेल तर हे झाड लावूच नये. पाहुणे येतात, शेजारी मागतात, सगळ्यांना सांगत कुठे बसणार?

आता झाड कशात लावायचे हा प्रश्न. आपली तिन्ही शहरे कारखान्यांच्या शेजारी वसलेली. अंबरनाथ-बदलापूरच्या एमआयडीसीतून निघालेले निळे पिंप भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळतात. त्यात आधी काय होते हे भंगारवाल्याला माहीत नसते आणि लेबल तर खरवडलेले असते. साबणाने धुतले म्हणजे रसायन गेले असे नाही. प्लास्टिक ते शोषून घेते. त्यात पाणी साठवू नये आणि खायचे झाड तर मुळीच लावू नये. हॉटेलातून मिळणारे खाद्यतेलाचे डबे, जाड गोण्या, फुटलेला माठ, हे सगळे चालते. तसेच वालधुनीच्या काठचा गाळ. काळाभोर दिसतो म्हणून लोक कुंड्यांसाठी उचलून आणतात. त्या नदीत वर्षानुवर्षे काय सोडले गेले हे आपल्या नाकाला माहीत आहे. तिच्या आणि उल्हासच्या प्रदूषणाचे प्रकरण हरित लवादापर्यंत गेले. तो गाळ आणू नका. माळरानाची लाल माती, कुजलेला पालापाचोळा आणि घरातल्या भाजीच्या देठांचे खत पुरेसे आहे.

गच्चीवर बाग करणाऱ्यांसाठी एक हिशेब सांगतो. अर्ध्या पिंपात शंभर लिटर माती बसते. पावसात भिजली की तिचे वजन दीडशे किलोच्या पुढे जाते. असे सहा पिंप म्हणजे जवळपास एक टन. मे 2021 मध्ये पंधरवड्याच्या आत उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि घरात बसलेली माणसे गेली. त्या स्लॅबवर बाग नव्हती, पण आपल्या इमारती कशा बांधल्या गेल्या आहेत हे त्यातून कळते. जुन्या इमारतीच्या गच्चीवर पिंप नको. हलक्या गोण्या ठेवा, त्याही तुळईच्या रेषेत, मधोमध नाही. आणि गळती दिसली की आधी बाग हलवा, मग वाद घाला.

इतके सगळे ऐकून कुणी म्हणेल, ज्या समाजाला जमीन मिळाली नाही त्याला हा माणूस तेलाच्या डब्यात शेती करायला सांगतो. आक्षेप बरोबर आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 साली आणि पुन्हा 1964-65 मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केले, हजारोंनी तुरुंग भरले. तो प्रश्न तेलाच्या डब्यात सुटत नाही, आणि सुटतो असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण आमच्या आधीची पिढी गाव सोडून इकडे काडेपेटीच्या, दारूगोळ्याच्या, कापडाच्या कारखान्यात आली, तेव्हा तिच्या डोक्यात झाडांचे ज्ञान होते. कुठल्या ओढ्याचे जांभूळ गोड, आळू कधी पिकतात, तोरणे कुठे मिळतात. त्याला जमीन लागत नव्हती, कारण ती फळे रानातली होती, सर्वांची होती. ते ज्ञान नातवंडांपर्यंत पोहोचले नाही. जमीन गेली ती दुसऱ्याने घेतली. हे ज्ञान मात्र घरातल्या घरात हरवते आहे. ते राखायला एक डबा आणि एक आजी पुरते. आज घरी गेल्यावर विद्यार्थ्यांनी आजीला रानातल्या पाच फळांची नावे विचारावीत, महिना विचारावा, वहीत लिहावे. पुढच्या रविवारी त्या वह्या इथे घेऊन या, मला बघायच्या आहेत.

आता शेवटचे झाड तुतीचे. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी पावसाळ्यात खोचली की लागते. वर्षभरात फळ. फांद्या छाटून पाने काढली की पुन्हा फूट येते आणि फुटीबरोबर फळ, असे वर्षात दोन-तीनदा जमते. मुलांना जीभ जांभळी करून दाखवायला याच्यासारखे दुसरे झाड नाही. दाराजवळच्या टेबलाखाली ओल्या गोणपाटात शंभरेक काड्या बांधून ठेवल्या आहेत. एका घराला दोन न्याव्यात. दोन डोळे मातीत, दोन वर, आणि काडीचे वरचे टोक वरच राहील हे पाहावे. उलटी खोचलेली काडी लागत नाही. पंधरा दिवस सावलीत ठेवा, रोज पाणी घाला, हलवून पाहू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!